डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळा आणि सुरगाण्याचा पाऊस

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, गुजरातच्या डांग आणि वलसाड जिल्ह्यांना खेटून सुरगाणा तालुका वसलेला आहे. एकेकाळी हे लहानसे संस्थान होते. १९४८ मध्ये ते तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती असून नागली, वरई आणि भात ही त्यांची परंपरागत पिके होत. तालुक्याचा बहुतेक भाग सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट वाटेवर आहे. त्यामुळे एकाच जिल्ह्यात असूनही सुरगाण्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडील मालेगाव, येवला किंवा सिन्नर या तालुक्यांना पाचशे मिलिमीटरच्या आसपास समाधान मानावे लागते.

या प्रदेशातील केमच्या डोंगराजवळ गिरणा उगम पावते. ती पूर्वेकडे वळून कळवण, मालेगावमार्गे खानदेशात जाते आणि तापीला मिळते. याच डोंगराळ मुलखातील नार आणि पार या नद्या मात्र पश्चिमेला उतरून गुजरातच्या किनाऱ्याकडे धावतात. डोंगराच्या कोणत्या उतारावर सर पडली, यावर ते पाणी मालेगावच्या वाट्याला जाणार की वलसाडच्या, हे ठरते. नार-पारचे पाणी गिरणेच्या खोऱ्यात वळविण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत होती आणि २०२४ मध्ये तिला राज्य सरकारची मंजुरी मिळाली. अशा योजनेचा सारा हिशेब अखेर एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : डोंगरावर पाऊस नेमका किती पडतो? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठीच जगभर डोंगरमाथ्यांवर वेधशाळा उभारल्या गेल्या.

वर जाण्याचे कारण

अरबी समुद्रावरून येणारी बाष्पयुक्त हवा सह्याद्रीला अडली की तिला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर जाताना ती प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. पाऊस घाटमाथ्यावर रिता होतो आणि पलीकडे उतरणारी हवा पुन्हा कोरडी होते. शालेय भूगोलातील 'पर्जन्यछाया' ती हीच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला महाबळेश्वरच्या सातव्या हिश्श्याइतकाही नाही.

मैदानात बसून या साऱ्याचा अंदाज बांधता येतो, पण मोजमाप करता येत नाही. ढगात काय चालते हे पाहायचे तर ढगात जावे लागते. विमान ढगातून काही सेकंदांत पार होते. डोंगरावरची वेधशाळा मात्र दिवसचे दिवस त्यात बुडालेली असते.

एकोणिसाव्या शतकात या विचाराने युरोप झपाटला होता. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या शिखरावर १८८१ च्या उन्हाळ्यात क्लेमेंट रॅग हा गृहस्थ रोज पायी चढून नोंदी घेत असे. त्याच्या या खटाटोपानंतर १८८३ मध्ये माथ्यावर कायमची वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ मध्ये पैशाअभावी बंद पडेपर्यंत तेथे रात्रंदिवस दर तासाला नोंदी होत राहिल्या. बेन नेव्हिसची उंची सुमारे १,३४५ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराइतकीच. १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ या वेधशाळेत दोन आठवडे राहिला. ढगांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचे खेळ पाहून तसेच ढग प्रयोगशाळेत निर्माण करण्याच्या नादाने त्याने जे उपकरण घडविले, तेच पुढे 'क्लाउड चेंबर' म्हणून प्रसिद्धीस आले. अणूतील कणांचा माग दाखविणाऱ्या या उपकरणासाठी त्याला १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑस्ट्रियातील ३,१०६ मीटर उंचीवरची सोनब्लिक वेधशाळा १८८६ पासून कार्यरत आहे. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर १९३४ च्या एप्रिलमध्ये निरीक्षकांनी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला होता.

भारतात हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. विभागाचे मुख्यालय १९०५ मध्ये कोलकात्याहून सिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये तेथून पुण्याला आले. पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला हलले, तरी शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस'च म्हणतात! रोज त्या चौकातून जाणाऱ्या कित्येकांना या नावाचे मूळ डोंगरावरच्या हवामानखात्यात आहे, याची कल्पना नसते.

साडेआठचा ठोका

वेधशाळा डोंगरावरची असो वा मैदानातली, तिचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. मोठ्या केंद्रांवर पहाटे साडेपाचपासून दर तीन तासांनी नोंदी होतात. लहान केंद्रांवर त्या सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच अशा दोनच वेळी घेतल्या जातात. जगभर एकाच क्षणी निरीक्षण व्हावे म्हणून ग्रिनिचच्या वेळेनुसार या घटका ठरलेल्या आहेत. आपल्या घड्याळात हा अर्धा तास येतो तो त्यामुळेच.

यांतील सकाळी साडेआठची नोंद सर्वांत महत्त्वाची. ठरलेल्या वेळेच्या काही मिनिटे आधी निरीक्षक अंगणात येतो. प्रथम उपकरणांवाचूनच्या नोंदी होतात : आकाश किती झाकले आहे, ढग कोणत्या जातीचे आहेत, किती अंतरावरचे दिसते आहे. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी व्यापले, ते मोजायचे असते. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी जुलैत या मोजणीला अर्थच उरत नाही, कारण निरीक्षक स्वतःच ढगात उभा असतो. अशा वेळी सांकेतिक नोंदीत शून्य ते आठ यांऐवजी नऊ हा अंक लिहितात. त्याचा अर्थ, आकाश दिसतच नाही.

त्यानंतर पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी उघडायची. टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. प्रख्यात कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे हे वडील. उत्तर गोलार्धात पेटीचे दार उत्तरेलाच असते, म्हणजे दार उघडताना तापमापकांवर ऊन पडत नाही. आत चार तापमापक असतात : कमाल, किमान, कोरडा आणि ओला. ओल्या तापमापकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिची वात पाण्यात सोडलेली असते. हवा कोरडी असेल तर चिंधीतील पाणी वेगाने उडून जाते आणि पारा खाली उतरतो. दोन्ही तापमापकांतील फरकावरून आर्द्रता काढतात. घाटमाथ्यावर ऐन पावसाळ्यात कित्येकदा दोन्ही पारे एकाच रेघेवर उभे असतात, कारण हवेत आणखी बाष्प मावण्याइतकी जागाच नसते.

वायुभारमापक सर्वांत शेवटी आणि नेमक्या घटकेला वाचायचा. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सातव्या हिश्श्याने कमी असतो. मैदानी केंद्रे आपला दाब समुद्रसपाटीला आणून कळवितात. उंचावरच्या केंद्रांना ते गणित विश्वासाने करता येत नाही, कारण मधल्या उंचीत हवाच नाही, डोंगर आहे! म्हणून अशी केंद्रे दाबाची एक ठराविक पातळी त्यांच्या डोक्यावर किती उंचीवर आहे, ते काढून पाठवितात.

या साऱ्या नोंदी पाच-पाच अंकांच्या गटांत बांधून रवाना होतात. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तारेसाठी आखलेली ही अंकांची भाषा जगभर बराच काळ टिकून राहिली. एखाद्या नवख्याला ते आकड्यांचे रान वाटेल. जाणकार मात्र त्यावरून हजार मैलांवर बसून तेथील आकाश डोळ्यांपुढे उभे करतो.

नरसाळे आणि बाटली

पर्जन्यमापक हे या अंगणातील सर्वांत साधे उपकरण. वर ठराविक क्षेत्रफळाचे तोंड, खाली नरसाळे, त्याखाली बाटली. तोंडाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि अगदी समपातळीत असावी लागते. जवळपासच्या झाडाची किंवा इमारतीची जितकी उंची, निदान त्याच्या दुप्पट अंतर मापकापासून असावे, असा नियम आहे. बाटलीतील पाणी मापन-नळीत ओतून आकडा वाचायचा, की झाले.

वस्तुतः होत नाही. डोंगरमाथ्यावर पावसाबरोबर वारा असतो. तो मापकाच्या तोंडावर भोवरा धरतो आणि थेंब आत पडण्याऐवजी वरून निसटून जातात. म्हणजे जिथे पाऊस सर्वांत जोराचा, तिथेच तो कमी मोजला जाण्याची भीती अधिक. शिवाय बाटलीला मर्यादा असते. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लिटर पाणी. त्याहून अधिक पाऊस होण्याचे लक्षण दिसले, तर मधल्या वेळी, मग ती रात्र का असेना, निरीक्षकाला बाहेर पडून बाटली मोजून रिकामी करावी लागते. महाबळेश्वरला जुलैच्या रात्री हे काम कसे होत असेल, याची कल्पना तेथील पाऊस अनुभवलेल्यांनाच यावी. पर्यटनस्थळे धुक्यात हरवलेली असतात, घरांच्या भिंतींना पावसाच्या माऱ्यापासून वाचविण्यासाठी पूर्वी गवताच्या ताट्या बांधत आणि आता प्लॅस्टिकचे कापड लावतात, कपडे वाळत नाहीत आणि कागद ओलसर राहतात. नोंदवही मात्र कोरडी ठेवावी लागते.

अशी एक रात्र २२ जुलै २०२१ ची होती. २३ तारखेच्या सकाळी साडेआठला महाबळेश्वरच्या चोवीस तासांच्या पावसाचा आकडा निघाला तो ५९४ मिलिमीटर. एका हेक्टरवर साठ लाख लिटरच्या घरात पाणी! महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला जाते. त्याच पावसात महाडला पुराने वेढले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. डोंगरावर दर तासाला किती पाऊस कोसळतो आहे हे खाली वेळेवर कळणे, याचा अर्थ काय असतो, ते अशा दिवशी समजते.

येथे वर्तमानपत्राच्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. हवामानखात्याचा 'पावसाचा दिवस' साडेआठ ते साडेआठ असा असतो. सकाळी नोंदविलेला पाऊस त्या तारखेच्या नावावर दिसला तरी त्यातील बहुतेक आदल्या दिवसाचा असतो. पावसाच्या विक्रमांच्या बातम्यांत एका दिवसाचा फरक दिसतो, तो बहुधा यामुळे. तसेच 'मुसळधार', 'अतिमुसळधार' हे बातमीदारांचे अलंकार नव्हेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार अशी खात्याची प्रतवारी आहे.

ढगांत थाटलेली प्रयोगशाळा

महाबळेश्वरच्या वेधशाळेच्या जोडीला २०१२ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तेथे ढगांच्या अभ्यासासाठी खास प्रयोगशाळा सुरू केली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग तिच्या दारातून आत-बाहेर करतात, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. वाईजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर संस्थेचे रडार असून ते या ढगांची उंची आणि वाढ टिपत असते.

येथे शोधायचे ते असे. ढगातील कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो आणि असे सुमारे दहा लाख कण एकत्र आले, तर पावसाचा एक थेंब होतो. हे एकत्र येणे अर्ध्या तासात कसे घडते, हे कोडे पूर्णपणे सुटलेले नाही. प्रत्येक कणाच्या पोटात धूळ, मीठ किंवा धुराचा सूक्ष्म अंश असतो. असे अंश फार झाले की पाणी अधिक कणांत वाटले जाते, कण लहान राहतात आणि पाऊस लांबतो. शहरांचा धूर घाटमाथ्यावरचा पाऊस वाढवितो की घटवितो, हा प्रश्न त्यामुळे केवळ पुस्तकी राहत नाही. सह्याद्रीवरचे पावसाळी ढग बहुधा बुटके असतात. हिमरेषेपर्यंत न पोहोचता, बर्फ न होताच ते बरसतात. म्हणून हिमालयातील किंवा युरोपातील ढगांवरून बांधलेले ठोकताळे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पर्जन्य-अंदाजाच्या संगणकीय प्रारूपांना येथील मोजमापांची गरज आहे ती या कारणाने.

सुरगाण्यात काय हवे?

सुरगाणा तालुक्यासाठी पाऊस मोजण्याची भिस्त प्रामुख्याने महसूल मंडळांवर आहे. तहसील कार्यालयांतील जुन्या पर्जन्यमापकांच्या जोडीला २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पाखाली राज्यातील दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांच्या नोंदी ती माणसावाचून दर दहा मिनिटांनी पाठवितात. सुरगाणा, बाऱ्हे, बोरगाव, उंबरठाण अशा मंडळांचे आकडे त्यामुळे मुंबई-पुण्यातही क्षणात पाहता येतात.

या आकड्याला पैशाची बाजू आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी मानली जाते आणि पिकांच्या नुकसानभरपाईचा विचार त्या आधारे होतो. एका मंडळात अनेक गावे, पाडे आणि दऱ्या येतात. केंद्र एकच. डोंगराच्या अलीकडे ८० मिलिमीटर पाऊस पडून नागलीची खाचरे वाहून जावीत आणि पलीकडच्या उतारावरील केंद्राने ५० मिलिमीटर दाखवावे, हे डोंगराळ मुलखात अगदी स्वाभाविक आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबईसारख्या सपाट शहरातही हेच दाखविले होते : सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही नाही. तिथे मध्ये डोंगर नव्हता. इथे तर पावलोपावली आहे. शिवाय स्वयंचलित मापकात एक छोटे तराजूसारखे भांडे भरले की कलंडते आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. पाऊस फार जोराचा असला की कलंडण्याच्या क्षणी काही पाणी वाया जाते आणि नोंद कमी भरते. नरसाळ्यात पाने किंवा कोळ्याचे जाळे अडकले, तर केंद्र निमूटपणे 'पाऊस नाही' असे कळवीत राहते. साडेआठला येऊन नरसाळे पुसणारा निरीक्षक ही चैन नव्हे, हे अशा वेळी ध्यानात येते.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचे उद्दिष्ट आहे. सुरगाण्यासारख्या तालुक्याला त्याचा लाभ सर्वाधिक होऊ शकतो. मात्र मापकांची संख्या वाढली तरी ते कोठे बसवायचे, हा प्रश्न उरतोच. रस्त्यालगत, कार्यालयाच्या आवारात आणि दरीच्या तळाशी मापक बसविणे सोयीचे असते. पाऊस मात्र माथ्यावर जास्त पडतो. केमचा माथा किंवा सापुताऱ्याच्या वाटेवरील हतगडासारख्या उंच जागांचा विचार व्हावा, असे नकाशा पाहिला तरी वाटते. नार-पारच्या खोऱ्यातून किती पाणी वळविता येईल, याचे गणित खोऱ्याच्या तळाशी मोजलेल्या पावसावर मांडणे धोक्याचे ठरेल.

याच तालुक्यात उन्हाळा आला की विहिरी तळ गाठतात आणि बायाबापड्यांना हंड्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी सोयी-सुविधांच्या अभावाला कंटाळून गुजरातमध्ये सामील करण्याची मागणी केली होती, तेव्हा रस्ते आणि आरोग्याबरोबर पाण्याचाही मुद्दा त्यांत होता. अलीकडच्या वर्षांत महाबळेश्वराप्रमाणेच सुरगाण्याच्या उतारांवरही स्ट्रॉबेरीची लागवड होऊ लागली आहे. सापुताऱ्याच्या रस्त्यावर हिवाळ्यात तिच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात. नागली धुके आणि झड सोसते. स्ट्रॉबेरीला अवकाळी पावसाची एक सर किंवा लांबलेला दमटपणा पुरतो. पावसाळ्यात किती पडले, एवढेच कळून या शेतकऱ्याचे भागत नाही. उद्या पहाटे पारा किती उतरेल, दव पडेल का, ढग राहतील का, हे त्याला आदल्या संध्याकाळी हवे असते, आणि तेही पन्नास-साठ किलोमीटरवरच्या नाशिकचे नव्हे, त्याच्या स्वतःच्या टेकडीचे.